पातळ रंगाचे दोन हात

दवाखान्याच्या तळमजल्यावर रक्त घेण्याच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, आणि त्यातल्या एकीपुढे नेहमी लांब रांग असे. ती खुर्ची सुईताईची. दुसऱ्या खुर्चीवर चष्मेवाला बसायचा. तोही काही वाईट नव्हता, पण रांग छोटी म्हणून त्याच्याकडे गेलेला माणूससुद्धा बाही वर करता करता मान वळवून हिच्याकडे बघत राही, चुकीच्या गाडीत चढल्यासारखा. सुईताईची सुई कळतच नाही, अशी ख्याती होती. एका आजोबांचं तर रक्त घेऊन, कापूस लावून, नळीवर चिठ्ठी चिकटवून झालं, तरी ते डोळे घट्ट मिटून बसलेले. म्हणाले, "घ्या बाई एकदाचं, किती वाट बघायला लावाल?"

आपल्याला या हाताचा गर्व नाही, असं ती स्वतःला सांगायची. पण नात्यात कुणी "हिचा हात म्हणजे काय," अशी सुरुवात केली की ती "काहीतरीच तुमचं" म्हणत पूर्ण ऐकून घ्यायची.

त्याच हाताने एका सकाळी दगा दिला.

समोर शिवणकाम करणारी एक किडकिडीत बाई बसली होती. शीर अशी की डोळे बांधूनही सापडावी. सुईताईने पट्टा आवळला, जागा पुसली, सुई उचलली, आणि सुईचं टोक कातडीपासून केसभर अंतरावर नाचायला लागलं. जोरात नाही. रस्त्यावरून जड गाडी गेली की टेबलावरच्या पाण्यात उठते, तेवढीच थरथर. तिने हात मागे घेतला, नळीवरचं नाव तपासल्याचं नाटक केलं आणि पुन्हा गेली. सुई तिरकी शिरली. बघता बघता कोपराच्या खोबणीत निळं टेंगूळ आलं.

"असू द्या हो," बाई म्हणाली. "माझीसुद्धा सुई कधीकधी बोटात जाते."

ती चांगल्या मनानेच बोलली, पण सुईताईला ते दिवसभर टोचत राहिलं.

तिचे वडील नकाशे काढायचे, घरांचे, पुलांचे, मोऱ्यांचे. हात हलायला लागला तेव्हा ते पन्नाशीला आले होते. आधी रेघा पुसून पुन्हा काढायला लागले, मग बारीक काम दुसऱ्याला द्यायला लागले, मग घरीच बसले. बसायचे ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, थंडी वाजत असल्यासारखे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, अशक्तपणा आहे." डॉक्टरचं नाव काढलं की चिडायचे. पाहुण्यांसमोर जेवणं त्यांनी सोडलं, शेवटी शेवटी घरच्यांसमोरही.

सुईताईची पन्नाशी अजून लांब होती, पण फार लांब नव्हती.

त्या दिवसापासून ती स्वतःच्या हातावर पाळत ठेवायला लागली. कुलपात किल्ली घालताना, सही करताना, दुधाचं पातेलं उतरवताना. हात कधी शहाण्यासारखा वागायचा आणि ती म्हणायची, बघ, उगीच घाबरलीस. मग तेवढ्यात कपाची बशी किणकिणायची. तिने बशाच बंद केल्या. नुसते कप नेऊन ठेवायला लागली, तेही दोन्ही हातांनी. जिथे ती काम करत होती ती अख्खी इमारत डॉक्टरांनी भरलेली होती. जिना चढून कुणालाही विचारता आलं असतं. पण विचारलं तर उत्तर येणार, आणि एकदा आलेलं उत्तर काही परत पाठवता येत नाही, या भीतीने ती जिन्याकडे बघतसुद्धा नसे.

कामावर तिने पाठ धरल्याचं सांगितलं. मोठ्या बाई, म्हणजे त्या विभागाच्या प्रमुख, लगेच म्हणाल्या, "मग वाकू नका. थोडे दिवस चिठ्ठ्या आणि नळ्यांचं बघा." इतक्या सहज ऐकलं की सुईताईला जास्तच अपराधी वाटलं. आता तिला अधूनमधून कमरेवर हात ठेवून कण्हावंही लागायचं.

अशात एका सुट्टीच्या दुपारी बारकी आली.

बारकी म्हणजे धाकटी नणंद. नावाची बारकी, बाकी दारातून वाकून आत यावं लागे एवढी उंच. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि फावल्या वेळात चार मित्रमैत्रिणी जमवून टेबलावर मांडायचे खेळ खेळायची. फाशांचेच, पण मोठ्या माणसांचे. ज्यांचे नियम वाचण्यातच एक दुपार जाते आणि ज्यांच्यावरून नंतर आठवडाभर अबोला धरला जातो. तिने एक भलं मोठं खोकं टेबलावर ठेवलं आणि झाकण काढलं. आत अंगठ्याएवढी प्लास्टिकची माणसं होती: पहारेकरी, धनुर्धारी, लाकूडतोडे, काठी घेतलेली एक म्हातारी, एक नावाडी, आणि लांडग्यांचा कळप. सगळी राखाडी, राखेत लोळून आल्यासारखी.

"वहिनी, ही तू रंगवायचीस."

"मी? मला कुठे चित्र काढता येतं?"

"काढलेलंच आहे की! फक्त रंग भरायचा. आमच्या अख्ख्या गटात तुझ्यासारखा हात कुणाचा नाही. मी सांगूनसुद्धा टाकलंय सगळ्यांना."

"सांगून टाकलंस?"

"मग! पलीकडच्या गावचा गट खेळायला येणार आहे आमच्याकडे. त्यांची माणसं काय रंगवलेली असतात, बघशील तर! त्यांच्यासमोर आम्ही हे असले भुरकट गडी मांडायचे?"

सासूबाईंनी एक धनुर्धारी उचलून डोळ्यांजवळ नेला. "ही करतात काय?"

"लढतात, आई."

"कुणाशी?"

"लांडग्यांशी. कधीकधी आपसातही."

"मग रंगवता कशाला? लढल्यावर खराबच होणार."

नाही म्हणायची हीच वेळ होती. पण नाही म्हणायचं तर कारण द्यायला हवं, आणि पाठीचं कारण इथे चालण्यासारखं नव्हतं. माणसं अंगठ्याएवढी होती. "बघते," सुईताई म्हणाली. नवरा जेवता जेवता हसला. त्या घरात ती "बघते" म्हणाली की काम झालंच, असं सगळे धरून चालत.

खरं सांगायचं तर नंतर एकटी असताना तिला त्या खोक्याचा आधारही वाटला. दवाखान्यात हात तपासून बघायची सोय नव्हती, तिथे समोर माणसाचं कातडं असतं. इथे प्लास्टिक होतं. बघू तरी किती बिघडलंय ते, असं म्हणून तिने दुसऱ्या दिवशी कामावरून आल्याबरोबर खिडकीजवळच्या टेबलावर पेपर पसरला आणि एका पहारेकऱ्याला तांबडा अंगरखा घालायला घेतला.

बाटलीतला रंग तसाच उचलला. तो मलमासारखा बसला. अंगरख्याच्या चुण्या बुजल्या, गुंड्या बुजल्या. मग हात हलला आणि तांबडा रंग हनुवटीवर गेला. तो झाकायला कातडीचा रंग लावला, तर तो टोपीवर चढला. टोपी दुरुस्त करेपर्यंत नाक गेलं. तासाभराने तिच्या हातात जे होतं त्याला पहारेकरी म्हणवत नव्हतं. तिने ते ढेकूळ कात्रीच्या खणात लपवलं आणि बेसिनपाशी जाऊन बराच वेळ हात धूत राहिली. म्हणजे झालंच, ती मनाशी म्हणाली. बाबांचंच आलं.

बारकीला तिने फोनवर एवढंच सांगितलं की रंग नीट बसत नाही.

"अगं, मग आमचे क्रेनवाले येतील दाखवायला! गटातले सगळे त्यांच्याकडूनच शिकले."

"नको, नको, कशाला त्यांना त्रास..." पण बारकीने फोन ठेवलेला होता. हात बघणारं आणखी एक माणूस घरी येणार, या विचाराने सुईताईचं जेवणावरून मन उडालं.

क्रेनवाले आले तेव्हा दार भरून गेलं. बांधकामांवरच्या उंच क्रेनच्या डोक्यावर, काचेच्या खोलीत, दिवसभर एकटं बसून ते लोखंड उचलायचे. "वर बोलायला कुणी नसतं ना ताई, म्हणून खाली आलो की साठलेलं सगळं बाहेर येतं," असं त्यांनी आल्या आल्याच सांगून टाकलं, आणि खरंच थांबले नाहीत. सासूबाईंना असा माणूस फार दिवसांनी भेटला होता. त्या खुर्ची ओढून बसल्याच.

सुईताईने खण उघडून ढेकूळ दाखवलं.

"अरे अरे! याला काय झालं? गोवर?" क्रेनवाल्यांनी ते प्रेमाने फिरवून पाहिलं. "काही हरकत नाही. माझा पहिला याहून भयंकर होता. बायकोने तो फेकायचा खडा समजून खिडकीतून मांजरावर मारला."

त्यांनी नवा गडी घेतला, साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासला, पुसला, आणि एका बाटलीच्या बुचावर चिकटवला. असाच धुऊन, बुचावर चिकटवून, अस्तराचा काळपट रंग लावून वाळवलेला एक पहारेकरी ते घरूनच घेऊन आले होते; पुढचं त्याच्यावर दाखवलं. मग एका फुटक्या टाइलवर त्यांनी तांबड्याचा थेंब टाकला आणि ब्रशने पाणी मिसळलं.

"हे बघा. दुधाइतकं पातळ. सायीचं नाही, साय काढलेलं. याचा एक हात द्यायचा. खालचं काळं दिसेल. दिसू दे! इथे सगळे घाबरतात आणि वर आणखी थापतात. तुम्ही थापायचं नाही. वाळू द्यायचं, मग दुसरा हात. पातळ दोन हात दिले तर रंग होतो, जाड एक दिला तर ते लिंपण."

बोलता बोलता त्यांनी ब्रश उचलला आणि सुईताई पुढे झुकली. ब्रशचं टोक थरथरत होतं. तिच्या सुईइतकंच. कदाचित थोडं जास्तच.

"काय बघताय? हात?" ते म्हणाले. "दिवसभर दांडे धरून धरून संध्याकाळी असा होतो. जातो मग सकाळपर्यंत."

"मग तुम्ही रंगवता कसं?"

"असं." त्यांनी दोन्ही कोपरं टेबलावर रोवली, एका हातात बुच, दुसऱ्यात ब्रश धरून दोन्ही तळहात मनगटापाशी एकमेकांना टेकवले आणि ब्रशच्या हाताची करंगळी बुचावर ठेवली. "आता हलला तर दोन्ही हलतात. ब्रश हलला की गडीपण हलला. दोघं एका होडीत बसलेत. त्यांना एकमेकांचं हलणं कळतच नाही."

आणि तांबडा रंग अंगरख्याच्या काठाशी जाऊन थांबला, कुठेही न सांडता.

दोन हात वाळल्यावर त्यांनी तपकिरी पाणी काढलं. रंगाहून पातळ, चहाहून दाट. ते अख्ख्या पहारेकऱ्यावर बेधडक फासलं. "अहो, घाण झाला तो!" सासूबाई ओरडल्या. पण ते पाणी आपलं आपण खाली उतरलं, चुण्यांत शिरलं, पट्ट्याखाली साचलं, बोटांच्या फटीत थांबलं. आणि जिथे जिथे थांबलं तिथे सावली पडली. एवढा वेळ सपाट दिसणारा माणूस गोल झाला. मग एका झिजलेल्या ब्रशवर फिका रंग घेऊन, तो कागदावर जवळजवळ पुसून टाकून, त्यांनी वरवर झटकला. खांदे, गुडघे, टोपीची कड उजळली.

"संपलं," क्रेनवाले म्हणाले.

"डोळे?" सुईताईने विचारलं.

"डोळे काढायचे नाहीत. खाचेत तपकिरी उतरलंय, लांबून डोळा आहे असंच वाटतं. ताई, हे काही कुणी नाकाला लावून बघत नाही. टेबलावर मांडतात आणि हातभर लांबून बघतात. तेवढ्याला नीटनेटकं दिसलं की आपलं काम झालं."

त्या रात्री तिला बरी झोप लागली. क्रेनवाल्यांचा हलतो आणि सकाळी थांबतो, तसाच आपलाही असेल. थकवा असेल, असं तिने धरून चाललं. सकाळी मात्र उठल्या उठल्या तिने हात समोर धरला, आणि तो हलत होता.

पण रंगवणं तिने सोडलं नाही. रोज दुपारी खिडकीशी बसायची. आधी सगळ्यांचे बूट, मग सगळ्यांच्या बाह्या, मग सगळ्यांची तोंडं, अशी पद्धत तिला आपोआप सापडली. लांडग्यांना राखाडीवर फिका राखाडी झटकला की केस उभे राहायचे, आणि ते बघून ती स्वतःशीच हसायची. काठ चुकला तर वाळू देऊन शेजारचा रंग पुन्हा द्यायचा, हेही ती शिकली. मधेच कधीतरी असा काही वेळ जायचा की हाताची आठवणच नसायची. आठवण आली की लगेच थरथर यायची, पाठोपाठ, सावत्र बहिणीसारखी.

अडलं ते एका धनुर्धाऱ्यापाशी. डोळे काढायचे नाहीत हे तिने ऐकलं होतं, पटलंही होतं. पण तिने मनाशी एक पैज लावली: याचे दोन डोळे जमले, पांढरा ठिपका आणि आत काळा, तर आपल्याला काही झालेलं नाही. पहिल्या दिवशी पांढरा ठिपका गालावर गेला. तिने तो कातडीच्या रंगाने झाकला. दुसऱ्या दिवशी एक डोळा जमला आणि दुसरा कपाळावर. पुन्हा झाकला. बाकीचे गडी एकेक करून तयार होत गेले आणि धनुर्धाऱ्याचं तोंड मात्र थरावर थर चढून सुजत चाललं. नवऱ्याने एकदा विचारलं, "याला मारलंय का कुणी?" तिला हसू आलं नाही. तिने बुच उचलून त्याच्याकडे पाठ केली.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या माणसांना बाहेरून धीर देऊन देऊन घरी येईपर्यंत त्याची बोलायची हौस फिटलेली असे. त्याने पुढे काही विचारलं नाही, नुसता तिच्याकडे बघत राहिला.

इकडे दवाखान्यात चष्मेवाला कावला होता. "ताई, माझी तक्रार नाही," तो म्हणाला, म्हणजे तक्रारच होती. "पण रांगेतली माणसं माझ्यावर डोळे वटारतात. तुमची पाठ बरी कधी होणार? तुम्ही परवा वाकून अख्खा खोका उचललात, मी बघितलं."

"होईल," ती म्हणाली, आणि तिचे कान तापले.

मग सासूबाईंची वेळ आली. दरवर्षी त्यांची रक्ताची तपासणी असायची. नवरा त्यांना दारापाशी सोडून कामाला गेला आणि त्या काठी टेकत, ओळखीचं हसत, तडक सुईताईच्या रिकाम्या खुर्चीपुढे येऊन बसल्या.

"आजी, इकडे या," चष्मेवाला म्हणाला.

"तुझ्याकडे कशाला? माझी सून आहे ना. मी दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही." हे त्या शेजारच्या बाकावरच्या लोकांनाही ऐकू जाईल असं बोलल्या. "हिची सुई कळत नाही, सांगून ठेवते."

बाकावरची माणसं कौतुकाने बघायला लागली. मोठ्या बाई नेमक्या दारात उभ्या होत्या. सुईताईने हातमोजे चढवले. चढवताना एक फाटला. तिने दुसरा घेतला.

सासूबाईंची शीर म्हणजे चोर. बोटाखाली सापडते आणि सुई बघून पळते. ती सापडली. सुईताईने कोपर टेकवलं, करंगळी त्यांच्या हातावर ठेवली, तळवा रोवला, क्रेनवाल्यांनी शिकवलेलं सगळं केलं. खरं तर हे ती पहिल्यापासूनच करत आली होती, न शिकवता. टोक खाली आणलं. टोक नाचत होतं. समोरचा म्हातारा हात दगडासारखा शांत होता. इथे कुणी तिच्याबरोबर हलत नव्हतं. ती एकटीच होडीत होती.

ही सुई आत गेली तर आईंचा हात काळानिळा होईल, हे तिला स्पष्ट दिसलं. तिने सुई उचलली, वापरलेल्या सुयांच्या डब्यात टाकली आणि पट्टा सोडला.

"आई, मला नाही जमणार," ती म्हणाली. "माझा हात हलतोय. बरेच दिवस झाले."

चष्मेवाल्याने चष्मा काढला.

"माहितीये मला," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हाला?"

"बशा देईनाशी झालीस. मला वाटलं, फोडल्या असशील आणि सांगायला घाबरत असशील. म्हणून कपाटात बघितलं, तर सगळ्या जागच्या जागी. मग तू कप धरतेस कसा ते बघायला लागले. म्हटलं, बोलेल तेव्हा बोलेल. पण मला वाटलं, घरीच हलतो, कामावर नाही." त्यांनी तिचा हातमोज्यातला हात आपल्या हातात धरला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, धरून ठेवला. मग चष्मेवाल्याकडे वळल्या. "ये रे बाबा, घे तूच. पण एकदाच टोचायचं."

त्याने दोनदा टोचलं, आणि त्याबद्दल त्याला बाहेर रांगेपर्यंत ऐकू जाईल असं ऐकून घ्यावं लागलं.

मोठ्या बाईंनी सुईताईला तसंच जिन्याने वर नेलं, मज्जासंस्थेच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्या बाईंनी तिला हात पुढे धरायला लावले, मग मांडीवर सैल ठेवायला लावले. बोट नाकाला लावायला, भिंतीपर्यंत चालायला, कागदावर गोल गोल चक्री काढायला सांगितलं. चक्रीच्या रेघेला बारीक दातरे आले. ते बघून सुईताईने कागद उलटा केला.

"वडिलांचा हात कधी हलायचा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "नुसते बसलेले असताना, की काही करताना?"

"करताना. पेन्सिल धरली की. घास उचलला की."

"आणि नुसता मांडीवर ठेवला की?"

ती थांबली. "ते दाबून बसायचे. त्यामुळे कधी बघितलंच नाही."

"तुमचा तरी ठेवल्यावर शांत राहतो. तुम्ही ज्याला घाबरलाय, तो कंपवात हा दिसत नाही; त्यात हात नुसता ठेवला तरी हलतो. हा कंप घराण्यात येतो. वडिलांचाही बहुधा हाच असावा. एक रक्ताची तपासणी करून घेऊ, म्हणजे बाकी काही नाही याची खात्री होईल."

"जाईल?"

"पूर्ण जाईल असं सांगत नाही. वाढला तर सावकाश वाढतो. गोळीने पुष्कळांचा कमी होतो. आणि भीतीने वाढतो, ते तुम्हाला मी काय सांगायचं?"

"आणि माझी सुई?"

"गोळी लागू पडली तर घ्याल. ज्या दिवशी हात ठीक नसेल त्या दिवशी नाही घ्यायची. ते तुम्हालाच ठरवावं लागेल, दररोज."

जिना उतरताना ती मधेच कठड्याला धरून उभी राहिली. सुटकेपेक्षा आधी आला तो राग, आणि तोही वडिलांवर, जन्मात पहिल्यांदाच. एक गोळी. एवढी वर्षं हात मांड्यांखाली दाबून बसले, भिंतीकडे तोंड करून जेवले, आणि कुणी सांगावं, एका गोळीने पेन्सिल पुन्हा धरता आली असती. मग राग ओसरला आणि ती तिथे पायरीवर बसून रडली. जाणाऱ्या-येणाऱ्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. दवाखान्याच्या जिन्यात कुणी ना कुणी रडत असतंच.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने हत्यारांची पिशवी खाली ठेवली.

"अडकलेल्या माणसांना मी एकच सांगतो," तो म्हणाला. "दार उचकटू नका, घंटा दाबा. अर्धे लोक लाजेने घंटाच दाबत नाहीत. आत घाम पुसत उभे राहतात." मग म्हणाला, "तू त्यातली निघालीस. माझ्या घरात."

"तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

"चुकलंच," तो म्हणाला.

गोळी लागू पडली, पण जाहिरातीतल्यासारखी नाही. काही सकाळी हात जवळजवळ पहिल्यासारखा असे, काही सकाळी नसे. तिचं आणि चष्मेवाल्याचं असं ठरलं की ती आधी पाण्याचा पेला भरून हातात धरून बघेल आणि मगच खुर्चीत बसेल. बसली तर अवघड शिरा तिच्याकडे, नाही तर चिठ्ठ्या तिच्याकडे. चिठ्ठ्यांच्या दिवशी लोक विचारत, "आज तुम्ही नाही?" "आज हात ठीक नाही," ती सांगे. पहिल्यांदा सांगताना आवाज फुटेना. नंतर फुटायला लागला. पेला भरताना मात्र रोज भीती वाटायची. ती काही गेली नाही.

धनुर्धाऱ्याला तिने शेवटी सगळा रंग उतरवून मोकळा केला आणि पुन्हा बाकीच्यांसारखाच रंगवला. डोळ्यांच्या खाचेत तपकिरी पाणी सोडलं आणि हात मागे घेतला.

पाहुणा गट आला तो दिवस उजाडला. शाळेच्या रिकाम्या वर्गात बारकीने टेबलं जोडून ठेवली होती, वर कापडाचं जंगल आणि पुठ्ठ्याचा किल्ला. सुईताई आपल्या गड्यांना रुमालात गुंडाळून घेऊन आली, नवरा आणि सासूबाईंसकट, आणि एकेक मांडताना तिच्या मनात सगळ्या चुका रांगेने उभ्या राहिल्या: या बाहीचा काठ, त्या बुटावरचा ठिपका, म्हातारीच्या काठीवरची वाकडी रेघ. पाहुण्यांपैकी एक बाई, केस अगदी बारीक कापलेल्या, टेबलाशी वाकल्या. बाई वाकल्या, बघितलं, सरळ झाल्या.

"छान, स्वच्छ काम आहे," त्या म्हणाल्या. "कुणाचा हात?"

"वहिनीचा!" बारकी पुढे सरसावली. "तिचा हात म्हणजे काय..."

"माझा हात हलतो," सुईताई म्हणाली.

बारकी बघतच राहिली. तिला घरून कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या बाई मात्र एवढंच म्हणाल्या, "मग लांडग्यांचे केस कसे केलेत? आमचे चिखलात पडल्यासारखे दिसतात." आणि दोघी लांडग्यांवर बोलत बसल्या, ते खेळ सुरू करा म्हणून क्रेनवाल्यांनी हाक मारेपर्यंत.

बारकीच्या गटात एकजण आला नव्हता. "वहिनी, तू बस," बारकी म्हणाली. तिचे डोळे जरा ओले होते, पण ते पुढे कधीतरी बोलायचं होतं. सुईताईने नाही म्हणून पाहिलं. नियम येत नाहीत, म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "मला तरी कुठे येतात? मी बसलेय ना." त्या खरंच बसल्या होत्या, नावाडी हातात घेऊन.

पहिल्याच डावात गडी पुढे सरकवताना तिचा हात थरथरला आणि दोन पहारेकरी आडवे झाले. सगळ्यांनी पाहिलं. समोरच्या बाईंनी ते उभे केले आणि म्हणाल्या, "फासा टाका, तुमचीच पाळी." तिने फासा टाकला. मग पुढचा. पहारेकरी पुलावर ठेवावेत की नदीकाठी, यावरून तिचं आणि क्रेनवाल्यांचं वाजलं. ती पूल म्हणत होती. क्रेनवाल्यांनी बहुमताने नदीकाठ केला. पाहुण्यांचे लांडगे पुलावरून आले, म्हातारीला घेऊन गेले, आणि ऊन वर्गाच्या मागच्या भिंतीवर पोचेपर्यंत किल्ला पडला.

बारकी चिडली, क्रेनवाले हसले, पाहुण्यांनी खोकी भरली. सुईताई मात्र टेबलाकडे बघत तशीच उभी होती, ओठ आवळून. तिला राग आला होता. भीती नाही, लाज नाही, हरल्याचा चक्क राग.

"पूलच अडवायला हवा होता," घरी जाताना ती नवऱ्याला सांगत होती. "मी म्हणत होते. पूल अडवला असता तर लांडगे आलेच कुठून असते? तुम्हीच सांगा!"

नवऱ्याला त्या खेळातलं काही म्हणजे काही कळलं नव्हतं. "बरोबर आहे तुझं," तो म्हणाला.

"नुसतं बरोबर काय? पुढच्या वेळी मी ऐकणार नाही कुणाचं."

मागून सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळीही नावाडी मीच चालवणार," आणि त्यावर दोघींचा वाद घर येईपर्यंत चालू राहिला.